यादीतलं सहावं नाव

लग्न होऊन मी चाकणच्या बाजूच्या आमच्या गावात आले, तेव्हा चौथी पास होते. गावात शिकलेली दुसरी बाई नव्हती. त्याचं कौतुकही कुणाला नव्हतं. भाकरी थापायला चौथी लागत नाही, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. सरकार विहीर खोदणाऱ्याला अनुदान देऊ लागलं होतं. निम्मा खर्च सरकारचा, आणि तो फेडायचा नाही. आमच्या शेजारी एक विधवा मावशी राहायची. मूलबाळ नाही, दोन एकर रान. तिनं अर्जावर अंगठा उठवला आणि दोन गडी घेऊन खोदायला लागली. विहीर तीन पुरुष खोल गेल्यावर कातळ लागला. सुरुंगाशिवाय पुढं जाता येईना. तेवढ्यात ग्रामसेवक म्हणाला, "मावशी, गावाच्या वाट्याचं अनुदान संपलं." कुणाला गेलं, ते सांगेना. यादी चावडीत लावलीय, एवढंच म्हणाला.

लावली होती खरी, पण आतल्या भिंतीला. बायका चावडीवरून जाताना वहाणा हातात घेऊन, मान खाली घालून जायच्या. आत जायचं तर नावच नको. ज्या पुरुषांना वाचता येत होतं त्यांना वाचून दाखवायचं नव्हतं. म्हणजे यादी सगळ्यांसाठी होती आणि आम्हा कुणाला ठाऊक नव्हती.

मावशी माझ्याकडं आली. "तुला अक्षर कळतं न्हवं? चल."

"मामंजी रागावतील."

"रागावू दे. पावसाच्या आत काम झालं न्हाई तर हीर ढासळंल. मग काय तुझ्या सासऱ्याचा राग पिऊ मी?"

आम्ही चार-पाच जणी गेलो. पायरीवर बसलेला एक जण हसला, "काय राव, आज बायकांची पंचायत!"

"तुमची बघितली," मावशी म्हणाली. "आता आमची बघा."

मी वाचायला लागले. एकेक नाव आलं की बायका सांगायच्या, "हाय, हाय, वड्याच्या काठची हीर." "हाय, गेल्या साली बांधलीया." पाच नावं झाली. सहाव्याला मी थांबले. ते माझ्या सासऱ्यांचं होतं. नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव तेव्हा बाई तोंडातून काढत नसे. माझं बोट भिंतीवर आणि तोंड बंद. सून कुठं अडते, हे बायकांना शिकवावं लागत नाही. आमच्या रानात तर विहीर सोडाच, साधा खड्डाही नव्हता.

पायरीवरचा म्हणाला, "पुसट झालं असंल. सूनबाई, फुडचं वाचा."

मला वाट करून देत होता. मी ती घेतली नाही. "पुसट न्हाई," मी म्हणाले. "आमच्या घरचं हाय."

घरी मामंजी दारातच उभे. "घराची अब्रू चावडीवर मांडलीस!"

"मी नाव घेतलं न्हाई."

"सगळ्यांस्नी कळलं की!"

"कळायलाच यादी लावत्यात न्हवं?"

पुढं दोन महिने घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. कामं लवकर उरकू लागली.

मावशी बायकांना घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसली. साहेब पाहणीला आला. मामंजींना म्हणाला, विहीर दाखवा. त्यांनी बोट केलं तिथं नांगरट होती. अनुदान त्यांच्याकडून परत घेतलं आणि ते मावशीला मिळालं. सुरुंग उडाले, पावसाच्या आत विहीर बांधून झाली. पाणी मचूळ लागलं, पण लागलं.

हिवाळ्यात आमचा कांदा वाळायला लागला. मामंजी स्वतः गेले नाहीत, मला पाठवलं. मावशीनं आठवड्याला एक पाळी पाणी दिलं आणि त्याच्या बदल्यात तिच्या वावरात मला खुरपायला लावलं. फुकट दिलं नाही. मीही दिलं नसतं.