दुप्पट आलेलं उत्तर

मी त्याच्यावर जळत होतो. उगाच गोड शब्द कशाला वापरू? बुलढाण्याच्या कॉलेजात आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. मी खामगावचा, तो बीबी गावचा. मी सकाळी कुलूप उघडायच्या आधी हजर, तर हा पठ्ठ्या दुपारी डोळे चोळत येणार, आल्याबरोबर चहा मागणार, आणि तरी सरांचा लाडका!

विषय दोघांचा एकच. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाचा एकच कण येतो आणि कधीकधी दोघांनाही एकदम बाहेर काढतो. हे घडण्याची शक्यता किती, आणि उरलेली ऊर्जा दोघं कशी वाटून घेतात, याचं गणित आम्ही संगणकावर मांडत होतो. सरांनी सांगून ठेवलं होतं की पेपरवर ज्याचं नाव पहिलं, तोच वर्षभर जर्मनीतल्या लॅबमध्ये जाणार. मला जायचंच होतं. प्रोग्राम जवळजवळ सगळा मी लिहिलेला होता.

पण माझं उत्तर प्रयोगातल्या आकड्यांच्या दुप्पट येत होतं. आलेखाचा आकार तंतोतंत, उंची दुप्पट. किती दिवस डोकं फोडलं, काही सापडेना. एका दुपारी तो माझ्या मागं उभा राहून स्क्रीनकडे बघत हसला.

"काऊन बे, बैलबाजारात जोडी कशी मोजतात तुमच्याकडं?"

"तुले काय करायचं?"

"डावा बैल उजवीकडं जुंपला, तर दुसरी जोडी होते का? हा कमी ऊर्जा घेऊन गेला अन् तो जास्त. मंग तो कमी अन् हा जास्त. इलेक्ट्रॉन तं दोन्ही सारखेच. तू एकच जोडी दोनदा मोजून राह्यला."

झालं! दोनानं भागलं आणि रेषा प्रयोगाच्या ठिपक्यांवर जाऊन बसली. मला आनंद व्हायला हवा होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढी शेंबडी चूक, ती यानं काढावी, आणि तीही बैलांवरून!

सरांनी त्याची पाठ थोपटली, सगळ्यांना चहा सांगितला. मग म्हणाले, "आता पहिलं नाव कोणाचं टाकायचं?"

माझे कान तापले. प्रोग्राम माझा आहे, माझा, असं ओरडावंसं वाटत होतं.

"त्याचंच टाका ना सर," चहात खारी बुडवत तो म्हणाला. "त्याले जायचं आहे. मले काही करमणार नाही तिकडं."

"मोठ्या मनाचा आहे गडी," सर म्हणाले.

मी गेलो. निघालो त्या दिवशी तो स्टँडवर आला, माझी बॅग एसटीत चढवली. "सांभाळून राह्य बे," म्हणाला. मी नुसतं "हाव" म्हटलं आणि खिडकी लावून घेतली. पहिलं नाव माझं आहे. पण ते त्यानं दिलेलं आहे, आणि त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.