पोवळीची राखण

माझा मामा सार्वजनिक बागेत झाडू मारायला होता. वाटेवर एक पान दिसलं तरी मुकादम चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा, त्यामुळे पडलेलं पान हा मामाचा जन्माचा वैरी झाला होता. आमच्याकडे आला तरी तो आधी अंगणाकडे बघायचा, मग आईकडे. आई म्हणायची, "बहिणीला भेटायला आलायस की तपासणीला?"

मग शहराच्या कडेच्या रानात ती अळंबी सापडली. बोटभर उंच, फिकट गुलाबी, पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेली. तज्ज्ञांनी तिचं लांबलचक नाव सांगितलं, लोकांनी तिला पोवळी करून टाकलं. ती अतिसंकटग्रस्त ठरली आणि आदेश निघाला, की ती उगवतेय तोवर त्या रानातल्या एकाही झाडाला हात लावायचा नाही. तिथून रस्ता न्यायचा घाट घातलेली मंडळी हात चोळत बसली. राखणदार हवा होता, तेव्हा साहेबांनी बागेतला सगळ्यात नेटका माणूस उचलून दिला.

मामाला आभाळ ठेंगणं झालं. नवा सदरा, गळ्यात शिट्टी, बसायला लाकडी खोपटं. मामी म्हणाली, "आता भाजीलाही पहारा?"

"चेष्टा करू नकोस," मामा म्हणाला. "ती गेली तर सगळं रान जाईल."

हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी सूचना काय, तर कुणाला आत सोडू नको, तोडू देऊ नको आणि जागा नीट ठेव. नीट ठेवणं म्हणजे काय, हे मामाला शिकवायची कुणाला गरजच वाटली नाही. त्याने कुंपणाच्या आतली कुजकी पानं ओढून काढली, मोडक्या फांद्या बाहेर फेकल्या, जमीन लख्ख केली. साहेब पाहणीला आले. मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात काम." त्या लख्ख जमिनीवर मामाला शेजारी घेऊन त्यांनी फोटो काढवला आणि मामीने तो भिंतीवर लावला.

पुढच्या पावसाळ्यात पोवळी जेमतेम उगवली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात उगवलीच नाही. मामाला वाटलं, कुठेतरी कचरा राहतोय. तो आणखी झाडू लागला.

तज्ज्ञ बाई आल्या आणि कुंपणापाशीच थबकल्या. "इथली पानं कुठे गेली?"

"साफ केली, मॅडम. रोज करतो."

"अहो, ती त्या कुजलेल्या पानांवरच जगते."

मामाने झाडू पाठीमागे लपवला. हे त्यानेच मला सांगितलं, आणि तेव्हापासून मला त्या बाईंचा राग आहे. कुंपणावरच्या पाटीवर पोवळीचं ते लांबलचक नाव लिहायला जागा होती, ती कशावर जगते हे लिहायला नव्हती. साहेबांचा राग तर विचारूच नका. आपण तिथे कधी गेलो होतो, हेही त्यांना आठवेना.

आणखी एक पावसाळा कोरडाच गेला, म्हणजे पोवळीच्या बाबतीत. ती तिथून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आदेश उठला आणि यंत्रं आली. पहिल्या झाडाला करवत लागली तेव्हा मामाने शिट्टी वाजवली. करवतवाले हसले.

पोवळी का गेली याचा अहवाल मामाने माझ्याकडूनच वाचून घेतला. त्यात ना रस्तेवाले होते, ना साहेब. कारण म्हणून एवढंच लिहिलं होतं, मानवी हस्तक्षेप.

"म्हणजे मी," मामा म्हणाला.

"तुझं नाव कुठे आहे यात?"

"माझं नाव कशात असतं?"



आता तो पुन्हा बागेत आहे. परवा भेटायला गेलो, तर मुकादम त्याच्या नावाने शंख करत होता. वाटेवर पानांचा थर साचला होता, झाडू बाकाला टेकवलेला होता आणि मामा उकिडवा बसून हाताने एकेक पान उलटून खाली बघत होता.

"मामा, उचल ना रे ती. नोकरी जाईल."

"उचलतो," तो म्हणाला. "पण खाली कोण जगतंय, ते आधी बघू दे. मला कुणी सांगत नाही."