अकरा ओळी राखाडी

आमचा मामा कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांना नाही, जमिनीला भेटतो. गुडघ्यांवर बसायचं, अंथरलेल्या गालिच्याचा कोपरा उलटायचा आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावायचं. यजमान चहाचा कप घेऊन ताटकळलेले. "यंत्रावरचा आहे," असं म्हणून तो कोपरा खाली टाकतो आणि मग विचारतो, "काय, बरं आहे ना सगळं?" नात्यागोत्यात त्याला उलटेमामा म्हणतात. तोंडावरसुद्धा.

पेशानं मामा चष्मेवाला. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान. समोर फ्रेमांचं कपाट, आत डोळे तपासायची अंधारी खोली, आणि तिच्याही मागे एक खोली, जिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नाही. तिथे चाळीस वर्षांत जमवलेले गालिचे, शाली, खोगिरावरच्या पिशव्या, भरतकामाचे तुकडे. इराणचे, तुर्कस्तानचे, दोन तर पेरूच्या डोंगरातले. अख्खा एकही नाही. अख्खे श्रीमंतांनी घ्यावेत, आपण फाटक्यांवर शिकावं, हे त्याचं म्हणणं. प्रत्येक तुकड्याची वेगळी वही, त्यात इंचाला गाठी किती, लोकर कुठल्या बाजूला पिळलेली, रंग मुळांचा की कारखान्यातला. तुकडे भिंतीवर उलटे टांगलेले, नक्षी आत आणि पाठ बाहेर. "पाठ खोटं बोलत नाही," मामा सांगायचा. "माझी दोन वर्षं दुखतेय, ती नाही तुला दिसत," मामी म्हणायची. ती बिचारी डांबराच्या गोळ्या बदलण्यातच म्हातारी झाली.

माझी आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. सत्तरी आली तरी त्याच्यासाठी ती छोटीच. आई रफूचं काम करायची. कोट, शाली, पडदे, काय वाटेल ते. तिनं बुजवलेलं भोक दुसऱ्या दिवशी तिचं तिलाच शोधावं लागे. मामाच्या फाटक्या संसाराला पहिली अठरा वर्षं तिनंच टाके घातले. मग एक दिवस तिनं ते सोडलं, आणि पुढची बावीस वर्षं त्या मागच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. अबोला नव्हता. मामा दर वर्षी तिचे डोळे तपासायचा, नवा चष्मा करून द्यायचा. चष्मा घेऊन ती पुढच्या पुढे निघून यायची. कारण मात्र दोघांपैकी एकानंही कधी बोलून दाखवलं नाही.

मला ते माहीत होतं. त्या दिवशी मी तिथेच बसले होते.

मामाला खोगिराची एक पिशवी मिळाली होती. भटक्या लोकांच्या बायका या पिशव्या जोडीनं विणतात, जनावराच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरी. व्यापारी त्या मधोमध कापतात आणि दोन गावांत विकतात. मामाकडे आली ती त्यातली एकटी. गडद निळी किनार, आणि त्या किनारीत एका बाजूला अकरा ओळी एकाएकी राखाडी. मामाला ते खुपलं. मागाहून कुणीतरी केलेली अडाणी दुरुस्ती, असं त्यानं ठरवून टाकलं.

"हे राखाडी उपटून काढ आणि निळं भर," त्यानं आईला सांगितलं.

आईनं पिशवी उलटी करून बराच वेळ बोटं फिरवली. "दादा, हात तोच आहे रे. गाठ तशीच, ओढ तशीच. बाईची निळी लोकर संपली असणार, हाताशी होती ती घेतली. माझा दोरा नाही का संपत?"

"पुस्तकात असं कुठेही दिलेलं नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी विणलंय का?"

यावर मामा म्हणाला, "छोटे, तू सुईचं बघ. अभ्यास मी करतो."

आईनं पिशवी घरी नेली. आठ दिवसांत अकरा ओळी निळ्या करून आणल्या, इतक्या बेमालूम, की मामानं भिंग लावून शाबासकी दिली. त्यानंतर तिनं त्याच्या एकाही तुकड्याला हात लावला नाही. तसं बघितलं तर वाक्य काही मोठं नव्हतं, मामा दिवसातून अशी दहा बोलतो. पण ज्या कामात आपली हयात गेली, त्यातच आपल्याला कुणी अडाणी ठरवलं तर ते विसरता येत नाही. मला मामाचा तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर पुढे बरीच वर्षं तो गेला नाही.

मामी गेल्यावर मामानं सगळे तुकडे संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. तिथल्या बाई यादी करायला दुकानात आल्या. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी ती पिशवी हातात आली, तशा बाई थबकल्या. त्यांनी आपल्या कागदांतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

"ही आमच्या संग्रहातली. माप तेच, नक्षी तीच. मला वाटलं जोड सापडली. पण आमच्या किनारीत निळा मध्येच संपतो, अकरा ओळी राखाडी आहेत. तुमची तर सगळी निळी. तेव्हा जोड म्हणता येणार नाही."

मामा फोटोकडे बघत राहिला. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. आईचं रफू बाईंच्या भिंगालाही सापडलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नजर तपासलेला माणूस, आणि दिव्याखाली अंधार. मग तो मला म्हणाला, "गाडी बघ. छोटीकडे जायचंय. बाई, तुम्हीपण चला."

आई भाजी निवडत होती. मामानं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि वर फोटो.

"तू म्हणाली होतीस तेच खरं. हात एकच होता. मी चुकलो."

आईनं फोटो जवळ धरला, लांब धरला. "बावीस वर्षं लागली?"

"फोटो आज मिळाला."

"मला नव्हता लागला फोटो."

मामा मान खाली घालून बसला. त्याला असं बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. आई उठून आत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. तळाशी कागदाच्या छोट्या पुड्या होत्या, अकरा, प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा. आत राखाडी लोकरीचे बोटभरही नसलेले झुपके.

"टाकवलं नाही," ती म्हणाली. "त्या बाईचं होतं."

बाईंनी भिंगाखाली एकेक पुडी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीशी ताडूनही पाहिलं. लोकर तीच होती. ते झुपके परत बसवता येतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्या आखूड धाग्यांच्या गाठी बसत नाहीत आणि बसवूही नयेत. झालं ते झालं म्हणून पाटीवर लिहून ठेवायचं.

"मी लिहितो," मामा म्हणाला.

वह्याच्या वह्या भरणाऱ्या माणसाला चार वाक्यं लिहायला तीन दिवस लागले. बाईंनी त्यातलं शेवटचं खोडलं. पाटीवर असलं घरगुती लिहीत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. "मग पिशवी परत द्या," मामा म्हणाला. बाईंनी त्याला नियम समजावले, पण पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर त्याच्या या हट्टाचा आम्हाला वैताग आला होता. या एका वेळी मला तो आवडला.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं बघायला गेलो. काचेमागे दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी, मध्ये एका पांढऱ्या बशीत राखाडी झुपके. मामानं कशाचाही कोपरा उलटायचा प्रयत्न केला नाही. आई पाटीसमोर उभी राहिली. पाटीवर होतं: "या पिशवीतील अकरा ओळी मूळच्या राखाडी होत्या. संग्राहकाने ती चूक समजून बदलायला लावल्या. काम त्याच्या बहिणीचे. हात एकच आहे, हे तिने आधीच सांगितले होते."

तिनं ते एकदा वाचलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

"दादा, नंबर वाढला वाटतं. शेवटची ओळ धड दिसत नाहीये."

मामानं तिच्या नाकावरचा चष्मा नीट बसवला.

"नंबर बरोबर आहे, छोटे," तो म्हणाला. "मागच्याच महिन्यात तपासलाय."