कानसेनचा हाफ क्लच

कानसेन हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चालू इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून त्याची मूठ कानाशी धरली, की आत कुणाचं काय दुखतंय ते त्याला कळतं, म्हणून गिऱ्हाइकांनी दिलेली ती पदवी आहे. वय चोपन्न. गॅरेज स्वतःचं, दोन गाड्या मावतील एवढं. तिसरी आली तर तिला दाराबाहेर ताटकळावं लागतं. अशा नावाजलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. त्याच्याकडे गाडी चालवायचं लायसन्स नाही.

परीक्षा त्याने दोनदा दिली होती. दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली. चढावर थांबलेली गाडी उचलायची तर क्लच थोडा वेळ अर्धा धरावा लागतो, आणि अर्धा धरला की आतली प्लेट घासते. बाकीच्या उमेदवारांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे ते पास होतात. कानसेनने जळून कोळसा झालेल्या शेकडो प्लेटा हातात घेतलेल्या. पायाखाली ती घासू लागली की त्याचा पाय आपोआप सुटायचा, आणि गाडी आचका देऊन गप्प.

त्यामुळे दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर फिरवून बघायचं काम गेली वीस वर्षं शेजारचा पंक्चरवाला करी. परत येऊन अहवाल देई, "मस्त आहे. जरा कायतरी वाजतंय." काय वाजतंय, कुठे वाजतंय, हे त्याला विचारण्यात अर्थ नसे. चणे एकाकडे आणि दात दुसऱ्याकडे, तरी दुकान चाललं होतं. आता पंक्चरवाला महिनाअखेर लेकीकडे कायमचा राहायला निघाला, आणि कानसेनला लायसन्स काढल्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

त्याची थोरली बहीण ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिथल्या एकुलत्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स त्याच आठवड्यात गेला, आणि तसा दुसरा काही मिळेना. कानसेनने त्याच मॉडेलच्या, मागून ठोकर खाल्लेल्या एका गाडीतून हाताने गिअर टाकायचा गिअरबॉक्स, पेडलं आणि क्लचचं सगळं बिऱ्हाड उचलून आणलं.

"ही चालू होती तेव्हाच परीक्षा द्यायचीस," ताई म्हणाली. "क्लचच नव्हता हिला. डोळे मिटून पास झाला असतास."

"मेकॅनिकने ऑटोमॅटिकचं लायसन्स काढायचं? लोक मला बिनगिअरचा म्हणतील."

"बरं. मग हा बसव, आणि शुक्रवारी ह्याच गाडीवर परीक्षा दे. तुझं नाव देऊन आलेय."

"मला विचारलंस?"

"बाळ्या, तुला विचारून आजवर काय झालंय?"

काम तीन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी त्याने ब्रेकचं रुंद पेडल काढून तिथे दोन अरुंद पेडलं बसवली. ह्या क्लचला तार नसते, तेल असतं. पेडलमागच्या सिलिंडरमधलं तेल पातळ नळीतून खाली जातं आणि गिअरबॉक्सला लावलेल्या दुसऱ्या सिलिंडरमधला पिस्टन पुढे ढकलतं. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स वर चढला, नळी जोडली, तेल भरलं. खालचा सिलिंडर अजून नळीला लोंबकळत होता. त्याचे दोन बोल्ट शोधायला कानसेन आत गेला.

तेवढ्यात ताई आली आणि कौतुकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तीस वर्षांची सवय: आधी पट्टा, मग आरसा, मग डावा पाय क्लचवर, थेट मुळापर्यंत. खाली फटकन आवाज झाला. पिस्टन सिलिंडर सोडून फरशीवर पडला आणि मागोमाग सगळं तेल.

कानसेन धावत आला. "ताई! तुझ्या पायाला दुसरा काही उद्योग नाही का?"

"पेडल दिसलं की दाबायचं. मी तेच शिकवते."

पंक्चरवाला दारातून म्हणाला, "आत्ता मात्र नक्की कायतरी वाजलं."

तिसरा दिवस पिस्टन धुण्यात, नवं रबर घालण्यात आणि ताईचा अपमान न करण्यात गेला. शेवटी राहिलं नळीतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. कानसेन गाडीखाली आडवा झाला, ताई पेडलवर.

"दाब. धरून ठेव." त्याने हवा सोडायचा बारीक स्क्रू ढिला केला, बुडबुडे आले, पुन्हा आवळला. "सोड. हळू सोड!"

"क्लच हळू सोड, हे तू मला सांगतोस?"

"दाब."

जन्मभर हुकूम सोडलेल्या बाईला हुकूम पाळताना फार कंटाळा येतो. विसाव्या वेळेला तिने विचारलं, "अर्धा धरल्यावर ती प्लेट एका वेळी झिजते तरी किती?"

"एका वेळी? दाढी केल्यावर गाल झिजतो, तेवढी."

"आणि तेवढ्यासाठी दोनदा नापास झालास?"

"माझ्याकडे येतात त्या सगळ्या जळलेल्याच असतात गं."

"मग धडधाकट प्लेट गॅरेजात कशाला येईल? माझ्याकडेही पास झालेला परत येत नाही, नापास तेवढे येतात. म्हणून काय कुणालाच गाडी येत नाही असं समजू?"

कानसेनने गाडीखाली स्क्रू पुन्हा आवळला आणि नळीला कान लावला.

"मेलास का?"

"बुडबुडे संपले," कानसेन म्हणाला. "पेडल टणक लागतंय?"

"लागतंय."

शुक्रवारी चढाच्या मध्यावर परीक्षक साहेबांनी गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा उचला म्हणाले. कानसेनने क्लच अर्धा सोडला. प्लेट घासू लागली. त्याचा पाय जागचा हलला नाही. एक दाढी, दोन दाढ्या, तीन. त्याने हँडब्रेक सोडला, आणि गाडी एक इंचही मागे न सरकता, सायीसारखी वर गेली.

"इतका वेळ धरून काय बसलात?" साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

"ऐकत होतो, साहेब."

"काय?"

"फार सुरेख वाजतो हो."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, पास लिहिलं आणि जरा घाईनेच उतरले. कानसेन उतरला नाही. त्यांच्या जागी ताई येऊन बसली.

"चल, दुसऱ्यांना गाडी द्यायचीय."

"एकदाच पुन्हा चढावर घेऊ?"

"घे."

चढावर मध्येच थांबत, पुन्हा उचलत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. ताईचे दोन विद्यार्थी खाली नंबर लावून उभे होते. चौथ्या फेरीला त्यांनी बोंब मारली, तेव्हा ताईने काच खाली करून त्यांना सांगितलं, "थांबा जरा. बघा आणि शिका."