एकाच तारेचे दोन रोध

परवा धुळ्यातल्या एका दुकानात जुना पिवळा बल्ब लावून पाहिला. काचेवरची धूळ तापली आणि त्या वासानं मला थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं.

माझी जोडीदारीण सुरेखा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. आम्हाला साठ वॅटच्या बल्बचा रोध काढायचा होता. एकवीस व्होल्टला बल्बमधली तार जेमतेम लाल झाली, प्रवाह ०.०७ अँपिअर. भागाकार केला, तीनशे ओहम. दोनशे तीस व्होल्टला प्रवाह ०.२६, आणि रोध जवळजवळ नऊशे. तार एकच, मग रोध दोन कसे? प्रयोग चुकला तर प्रयोगशाळेच्या बाई परीक्षेला बसू देणार नव्हत्या. मी घाबरून आकडे खोडायला लागले.

बाईंनी माझा हात धरला. "खोडू नकोस. आता व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार कर."

५९.८ आला. काचेवर छापलेले साठ वॅट आमच्या कागदावर उतरले होते. म्हणजे आकडे खरेच होते.

बाईंनी व्होल्टेज खाली आणून पुन्हा हळूहळू वाढवलं. तार लाल, केशरी, मग पांढरी झाली आणि प्रत्येक वेळी रोध वाढत गेला.

"जशी तापस, तशी ती वीजले जास्ती अडावस," सुरेखा हळूच म्हणाली.

तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. आज आठवतो तो सुरेखाचा उजळलेला चेहरा. तिच्या घरी वीज येऊन वर्षही झालं नव्हतं.

"बाई, आमना घरना दिवामा बी आसंच व्हस?"

"रोज संध्याकाळी," बाई म्हणाल्या.