बाबांच्या गाडीची गळती

आमच्या बाबांच्या रेसच्या गाडीने आयुष्यात एकच शर्यत पूर्ण केली आणि तीत ती शेवटची आली.

बाबा मुंबईत मेकॅनिक होते. भंगारात निघालेली ती जुनी, एका माणसापुरती गाडी त्यांनी निवृत्त होताना ट्रकवर घालून कोकणात आमच्या गावी, तोंडवलीला आणली आणि परसातल्या शेडमध्ये, म्हणजे आमच्या मांगरात, चिऱ्यांवर चढवली. इंजिनातून तेल गळायचं. खाली कायम एक करवंटी असायची.

बाबा गेले. वर्षभराने मी पुण्याहून रजा काढून आलो आणि गाडी विकायची ठरवली. आई "बरा" एवढंच म्हणाली. गिऱ्हाइकाची अट एकच होती, गळती बंद हवी. मी इंजिनीअर (कॉम्प्युटरचा, पण गावात एवढं कोण विचारतं!). सगळे बोल्ट आवळले. सकाळी करवंटीत तेल! पॅकिंग बदललं. सकाळी पुन्हा तेल!

जेटीवरचा होड्यांचा मेकॅनिक म्हणाला, "इंजान पुसून पावडर मार. तेल खंयसून येता ता दिसात."

घरात पावडर नव्हती. आई शेजारी गेलेली पाहून मी घावण्यांचं तांदळाचं पीठ लंपास केलं, इंजिनाला फासलं आणि ते सुरू केलं. मांगरभर घावण्यांचा वास सुटला, पण तेलाचा थेंब नाही! मी गिऱ्हाइकाला फोन केला, "उद्या या!"

सकाळी करवंटीत तेल! वाकून पाहिलं. पिठात तेलाचा ओघळ कुठेच नव्हता. फक्त तळाच्या, तेल साठतं त्या चेंबरच्या बोल्टभोवती चार बोटं उमटली होती.

आई चुलीपाशी होती. पदराला पीठ आणि काळं तेल.

"आई, तू?" गुडघ्यांमुळे जेवायलाही खुर्ची मागणारी माझी आई गाडीखाली शिरली होती! "बोल्ट कुठला ते कसं कळलं?"

"ह्यांका बोल्ट खोलूक पाने कोण देय होता? मीच मा!" मग ती चुलीकडे वळली. "तेल बंद झाला काय गाडी जातली रे. मगे ह्यांचो वास माका खंय गावतलो?"

बाबांच्या सदऱ्यांना कायम ह्या तेलाचाच वास असायचा. वर्षभर ती रोज त्या करवंटीपाशी जाऊन बसत होती आणि गावी आलो की मला वाटे, कोंबड्या कोंडायला जाते.

गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, "गळती सापडत नाही."

"इंजिनीअर ना तुम्ही?" म्हणत ते परत गेलं.

आता महिन्याकाठी आईचा फोन येतो, "तेल सरला, घेवन ये." मी पुण्याहून तेलाचा डबा नेतो, चेंबर भरतो. बोल्ट मात्र तीच सैल करते. माझ्या हाताने तो नीट गळत नाही म्हणे!