तुम्ही व्हा पुढे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डोंगरातल्या त्या चौकीवरच्या पोलिसाला नाही, आमच्या गटातल्या एकालाही नाही. जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. समोर माणूस असला की मला जमत नाही – हे मी पुरेसं पडताळून पाहिलं आहे.

माझं काम बातमीचं. आधी फिरती बातमीदारी, आता पुरवणी. दर एप्रिलमध्ये उन्हाळी पर्यटनाचं पान माझ्याकडे येतं. सुट्टीत कुठे जावं, काय पाहावं. घरच्यांना घेऊन जायचं तर महाबळेश्वर, माथेरान. मेअखेरीला भंडारदऱ्याचे काजवे. आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी हिमाचल – कुरणातले तंबू, नदीकाठची देवदारांची रानं, बर्फातून चढत जाणाऱ्या खिंडी. पानाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, सूचनांची. पाणी, टोपी, औषधं. चौकटीतली शेवटची ओळ अशी: ‘गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याला कधीही एकटं सोडू नका.’ ही ओळ मी लिहिलेली आहे. दर वर्षी मीच लिहितो. यंदाही लिहिली.

प्रकाश शिर्के आमच्याच इमारतीत राहायचा, करंजाड्याला, माझ्याखालच्या मजल्यावर. मूळचा साताऱ्याकडचा, तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा. माझं पान छापून आलं की जिन्यात गाठून म्हणायचा, “काय रे पेपरवाल्या, जगाला थंड हवेची ठिकाणं सांगतोस आणि स्वतः बनियनवर बसतोस?” या टोमण्यातूनच आमचा गट निघाला. रविवारी पहाटे खारघरची टेकडी, हिवाळ्यात एखादा किल्ला, आणि मे महिन्यात एकदा बर्फ. व्यवस्था सगळी कांबळेची. तो तळमजल्यावर राहतो, बँकेत आहे, तिकिटांपासून तंबूंपर्यंत त्याला सगळं पाठ असतं.

चालायची एक पद्धत असते. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला माणूस – त्याला लीड म्हणतात. सर्वांत मागे टेल. टेलचं काम एकच. त्याच्या मागे कुणी उरता कामा नये. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्याही मागे टेलने चालायचं. तो थांबला की थांबायचं, तो परत फिरला की त्याच्याबरोबर परत फिरायचं. डोंगर पाहायला मिळाला नाही तर नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये टेल मी होतो.

खिंडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेवटच्या मुक्कामाहून निघायचं, बर्फाच्या उतारावरून खिंडीपर्यंत चढायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, असा बेत होता. निघतानाच प्रकाशचं डोकं दुखत होतं. सकाळचा चहा त्याला उलटून पडला. मला त्याने सांगितलं ते असं – “तुझ्या बायकोला कळवू नकोस हां, ती माझ्या बायकोला कळवेल, आणि मग मला पुढच्या वर्षी माथेरानलाच जावं लागेल घोड्यावर बसून.” मी हसलो. उंचीवर डोकं दुखणं म्हणजे काय असतं हे मला माहीत नव्हतं का? त्यावर मी चौकट लिहिली होती.

वाटाड्या पुढे बर्फात पाय ठेवायला खाचा करत होता. गट त्याच्यामागे. आम्ही दोघं शेवटी – आणि आमच्या दोघांतलं व बाकीच्यांतलं अंतर वाढत चाललं होतं. प्रकाश चार पावलं टाकायचा आणि थांबायचा. बोलणं बंद झालं होतं त्याचं. तेच मला सर्वांत आधी खटकायला हवं होतं.

आणि मला वर जायचं होतं. हे इतकं साधं आहे. पुरवणीला खिंडीतलं छायाचित्र हवं होतं. मी ते कबूल केलं होतं. पलीकडच्या शिखरांवर ढग चढताना दिसत होते. थोडा वेळ गेला असता तर छायाचित्रात पांढऱ्यावर पांढरं, एवढंच आलं असतं. मी त्याला सोडून वर गेलो.

छायाचित्र चांगलं आलं. तुमच्यातल्या काहींनी पाहिलंही असेल.

ढग खिंडीत पोचले तेव्हा आम्ही उतरायला लागलो होतो. मी त्याला जिथे सोडलं होतं, तिथे तो नव्हता. वाटाड्याने विचारलं, “आपके दोस्त?” मी म्हणालो, “नीचे गये.” मला ते माहीत होतं का? नव्हतं. पण मी ते ज्या स्वरात सांगितलं त्या स्वरात मी आयुष्यभर बातम्या सांगत आलो आहे, आणि त्यावर कुणी शंका घेत नाही. खाली तंबूत तो नव्हता. वाटाड्या आणि गावातले दोघे उलट्या पावली वर गेले, धुक्यातून हाका मारत राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर प्रकाश सापडला.

सापडला तो वरच्या बाजूला. मी सोडलं होतं त्या जागेच्या वर, वाटेपासून थोडा बाजूला. तो खाली निघाला नव्हता. माझ्या मागे येत होता.

गावात चहाच्या टपरीत आम्ही सगळे बसलो होतो. कांबळेने मान वर न करता विचारलं, “तू होतास ना रे मागे?” त्यात आरोप नव्हता. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं. आणि मी म्हणालो – “होतो ना. तोच म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. मी बसतो थोडा वेळ आणि खाली जातो.”

प्रकाश असं म्हणाला नव्हता. तो काय म्हणाला ते मी सांगणार आहे. पण मी अजूनही ते पुढे ढकलतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसऱ्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालायचं नाही – आमच्या धंद्यात शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात हे सांगतात. मीच कितीजणांना सांगितलं. एकाला तेवढ्यासाठी कामावरून काढायलाही लावलं. आणि त्या टपरीत मी ते वाक्य रचलं, तेव्हा मला काही विशेष श्रम पडले नाहीत. उलट, पुढे ते मी सुधारत गेलो. सुनंदावहिनींना, म्हणजे प्रकाशच्या बायकोला, फोनवर सांगताना त्यात भर पडली – “माझ्यापायी कुणी थांबू नका.” करंजाड्याला शोकसभा झाली. त्यात मी बोललो तेव्हा शेवटी आलं, “माझ्यापायी कुणाचा डोंगर चुकायला नको.” लोकांनी डोळे पुसले. चांगलं वाक्य होतं.

तो वर कसा सापडला, हे कुणी विचारलं नाही? विचारलं. पण उत्तरही त्यांनीच शोधून दिलं. बरं वाटलं असेल, म्हणून निघाला असेल. वहिनी म्हणाल्या, “हट्टी माणूस. बसवेल होय त्याला खाली?” मी मान हलवली.

मला वाटलं होतं की चार-सहा महिन्यांत ते वाक्य विरून जाईल. बातम्या विरतात. पण ते विरलं नाही. पुढच्या मेच्या आधी गटाने टी-शर्ट छापले. पाठीवर मोठ्या अक्षरांत: ‘तुम्ही व्हा पुढे!’ आणि खाली बारीक अक्षरांत प्रकाशचं नाव. टेकडीवर कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी हसून तेच म्हणतं. आणि एक गोष्ट कुणी ठरवली नाही, पण झाली – टेल ठेवणं बंद झालं. कांबळे म्हणाला, “प्रकाशला नसतं आवडलं, कुणी आपल्यासाठी रखडलेलं. प्रत्येकाने आपल्या चालीने चालायचं, टेन्शन नाही घ्यायचं.” सगळ्यांना ते पटलं. मी तिथेच होतो. मी काय म्हणालो असतो?

गेल्या दोन्ही मे महिन्यांत आमच्यातलं कुणीतरी मागे एकटं राहिलं आहे. एकदा देवदारांच्या रानात, एकदा ओढा ओलांडताना. दोन्ही वेळा माणूस मुक्कामाला पोचला, उशिरा, चेहरा पांढराफटक, आणि पोचल्यावर टाळ्या पडल्या. त्याने ते वाक्य पाळलं म्हणून टाळ्या.

यंदा वहिनी येणार आहेत. पहिल्यांदाच. त्याच खिंडीत.

वहिनी साठीला आल्या आहेत. डावा गुडघा दुखतो, चढावर दम लागतो. एप्रिलभर त्यांनी खारघरच्या टेकडीवर सराव केला. एका रविवारी मीही होतो. सगळे वर गेले होते, मी त्यांच्याबरोबर मागे. मधल्या चढावर त्या कंबरेवर हात ठेवून थांबल्या, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. “भाऊजी,” म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे.”

मी झालो.

का, असं तुम्ही विचाराल. थांबलो असतो तर त्यांनी कारण विचारलं असतं. बस, एवढंच. टेकडी होती, खाली सोसायट्या दिसत होत्या, माणसांची ये-जा होती, काही झालं नाही. त्या आल्या मागून, घामाने भिजलेल्या, खूश. पण मी चालताना मागे पाहिलं नाही. मला ठाऊक होतं की पाहिलं तर पाय थांबतील. आणि मागे न पाहता चालणं माझ्या पायांना आधीपासून येत होतं.

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये निघण्यापूर्वीची बैठक झाली. कांबळेने औषधं, बूट, मोजे सगळं समजावलं. यंदाचे टी-शर्ट वाटले. गटात एक नवी मुलगी आहे, नर्स आहे, नुकतीच आमच्याकडे राहायला आली. तिने हात वर केला. “सगळ्यांच्या मागे कोण असणार?”

“आपल्यात तसं नसतं मॅडम,” कांबळे म्हणाला. “पाठीवर वाचा.”

“अगं, मागे मीच असणार,” वहिनी म्हणाल्या. “गुडघा बघितलास का माझा? पण सांगून ठेवते हं, माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. ह्यांनी नाही थांबवलं कुणाला, मी थांबवू होय? लोक म्हणतील, शिर्क्यांची सून रडकी निघाली.”

सगळे हसले. मग टाळ्या झाल्या. ती मुलगी तेवढी हसली नाही, नवी असल्यामुळे असेल. मी टाळ्या वाजवल्या.

खुर्च्या उचलताना वहिनी माझ्याजवळ आल्या. आवाज बारीक केला. म्हणाल्या, “भाऊजी, एक काम करायचं माझं. हे ज्या दगडावर बसले होते ना, बसून तुम्हाला पुढे व्हा म्हणाले, तो मला दाखवा. मी तिथं थोडा वेळ बसेन. तुम्ही सगळे जा वर. मला एकटीलाच बसायचंय.”

मी हो म्हणालो.

दगडाचा उल्लेख मी कधी केला ते मला आठवत नाही. केला असणार. माणूस बसला म्हटल्यावर त्याला कशावर तरी बसवावं लागतं. मेच्या मध्याला त्या उतारावर सगळा बर्फ असतो, आणि दुपारनंतर ढग येतात. साठीची, दम लागणारी बाई तिथे एकटी बसणार, आणि आम्ही सगळे तिच्या इच्छेचा मान राखून वर जाणार. असा बेत ठरला आहे. सगळ्यांना तो फार सुंदर वाटतो.

गाडी गुरुवारची आहे. हा मजकूर त्याआधीच्या रविवारी छापून येईल. रविवारी वहिनी पेपर घेतात आणि पुरवणी आधी उघडतात, मागच्या पानापासून. मी एक मजला उतरून हे सांगू शकलो असतो. उतरलो नाही. त्यामुळे इथून पुढचं त्यांच्यासाठी आहे. तुम्ही ऐकलंत तरी चालेल.

वहिनी, तिथे दगड नाही. प्रकाश बसला नव्हता. तो उभा होता आणि त्याने माझ्या सॅकचा पट्टा धरला होता. “थांब की जरा,” म्हणाला. “मला एकट्याला सोडू नकोस, लेका.” मी म्हणालो, आलोच. त्याने पट्टा सोडला नाही. त्याच्या हातात तुम्ही विणलेले करडे हातमोजे होते. मी त्याची बोटं पट्ट्यावरून काढली, एकेक करून. फार जोर लावावा लागला नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मला ती नीट ऐकू आली.

मग मी वर गेलो.